तोलोझे गल्लीतलं थिएटर

पॅरिसला गेलेला मराठी माणूस माँमार्त्रची टेकडी चुकवत नाही. साक्रे-करचं पांढरंशुभ्र चर्च, त्याच्या पायऱ्यांवरून दिसणारं अवघं शहर, वरच्या चौकात पर्यटकांची चित्रं काढून देणारे चित्रकार, हे सगळं सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात असतंच. याच टेकडीच्या उतारावर तोलोझे नावाची एक अरुंद, खड्या चढाची गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वर पाहिलं की टोकाला एक जुनी लाकडी पवनचक्की दिसते. व्हॅन गॉगने चित्रांत आणलेली, रेनुआरने जिच्या आवारातला रविवारचा नाच रंगवला, तीच ही मुलँ द ला गालेत. या गल्लीत दहा नंबरच्या इमारतीत १९२८ सालापासून एक चित्रपटगृह आहे. उघडलं त्या सालावरूनच त्याचं नाव पडलं: स्टुडिओ २८. एक पडदा, पावणेदोनशेच्या आसपास खुर्च्या आणि एका कुटुंबाची मालकी.

मूकपट गेले, बोलपट आले, महायुद्ध झालं, घरोघरी टीव्ही आले, मग व्हिडिओ आणि आता हातातला मोबाइल. हे थिएटर आहे तिथेच आहे. आपल्याकडे एखादी टॉकीज बंद पडली की आपण मनापासून हळहळतो. तिथे पाहिलेले सिनेमे आठवतात, पिटातल्या शिट्ट्या आठवतात, वर्तमानपत्रात एखादा हळवा लेख येतो. जुनी टॉकीज जिवंत कशी ठेवतात, हे मात्र आपण फारसं पाहत नाही. स्टुडिओ २८ मध्ये जाऊन आल्यावर मला ते पाहावंसं वाटलं.

तिथे पोचायला मेट्रोची दोन स्टेशनं सोयीची आहेत. ब्लांश स्टेशनला उतरलात तर समोरच मुलँ रूजची लाल पवनचक्की येते. तिथून लपिक रस्त्याने चढायला लागायचं. वाटेत ‘आमेली’ चित्रपटातल्या नायिकेचं कॅफे लागतं. झाँ-पिएर झने यांच्या या २००१ सालच्या चित्रपटातली आमेली शुक्रवारी संध्याकाळी सिनेमाला जाते आणि अंधारात मागे वळून इतर प्रेक्षकांचे चेहरे न्याहाळते, ते थिएटर म्हणजे स्टुडिओ २८. दुसरं स्टेशन आबेस. पॅरिसच्या मेट्रोतलं हे सर्वांत खोल स्टेशन, जमिनीखाली ३६ मीटर. लिफ्ट आहे, पण पायांत बळ असेल तर गोल जिन्याने वर यावं, त्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. बाहेर पडताना डोक्यावर एक्तोर गिमारने केलेलं लोखंड आणि काचेचं छत येतं. असं पूर्ण छत असलेली फारच थोडी प्रवेशद्वारं आता पॅरिसमध्ये उरली आहेत.

थिएटरची दर्शनी बाजू अगदी साधी आहे. ना कारंजं, ना भव्य जिना. आपल्या गिरगाव-दादरच्या टॉकीजचा रुबाब मनात ठेवून गेलेल्याला हे एखाद्या घराचं दार वाटेल. आत शिरल्यावर नटनट्यांच्या छायाचित्रांनी भरलेल्या भिंती, छोटी तिकीट खिडकी, आणि पुढे एक बार आणि त्याला लागून झाडांनी सजवलेलं लहानसं अंगण. खेळाच्या आधी लोक इथे कॉफी किंवा वाइनचा पेला घेऊन बसतात. खेळ संपल्यावर पुन्हा इथेच येऊन बसतात आणि मग खरा वाद रंगतो. शेजारच्या टेबलावरचं बोलणं मला अर्धंमुर्धंच कळत होतं, पण पाहिलेल्या चित्रपटाचा शेवट पटला की नाही यावर ती मंडळी हातवारे करून भांडत होती, एवढं समजायला भाषा लागत नव्हती.

प्रेक्षागृहात लाल खुर्च्या आहेत. दिवे मालवायच्या आधी ते दिवेच नीट पाहून घ्यावेत, कारण ते झाँ कॉक्तोने आखून दिलेले आहेत. कवी, नाटककार, चित्रकार आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’सारख्या चित्रपटाचा दिग्दर्शक असलेला हा माणूस या थिएटरच्या प्रेमात होता. हे उत्कृष्ट कृतींचं थिएटर आहे आणि थिएटरांमधली ही उत्कृष्ट कृती आहे, अशा अर्थाचं त्याचं वाक्य इथे अभिमानाने सांगितलं जातं. कॉक्तोचे दिवे एखाद्या संग्रहालयात काचेआड असते, तर त्यांच्याकडे जेवढं लक्ष गेलं असतं तेवढं इथे कुणाचं जात नाही. ते रोज लागतात, रोज मालवतात, आणि त्यांच्या उजेडात लोक आपली जागा शोधतात. मला हे फार आवडलं. वस्तू वापरात राहिली की तिची आब राखली जाते.

जाहिराती आणि झलकी संपल्या की चित्रपट सुरू होतो तो थेट शेवटपर्यंत. मध्यंतर नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या भारतीय प्रेक्षकाला तासाभराने आपोआप दिवे लागण्याची अपेक्षा असते, ती सोडून द्यावी लागते. श्रेयनामावली सुरू झाल्यावरही बरेचजण बसून राहतात. छायालेखक कोण, संकलन कुणाचं, ध्वनी कुणाचा हे वाचतात. अशा वेळी आपण उठून चालू लागलो तर चुकल्यासारखं होतं.

आता थोडं मागे जाऊ. १९२० च्या दशकात पॅरिसमधल्या काही मंडळींनी असा हट्ट धरला की चित्रपटाकडे पुस्तकासारखं, चित्रासारखं पाहायचं. जत्रेतली करमणूक म्हणून दाखवायचा आणि आठवड्याने विसरून जायचा, हे त्यांना मंजूर नव्हतं. त्यासाठी वेगळी थिएटरं हवीत हेही त्यांनीच ओळखलं. १९२४ मध्ये झाँ तेदेस्कोने व्ह्यू-कोलोंबिए नाट्यगृहात निवडक चित्रपट दाखवायला सुरुवात केली. १९२६ मध्ये लॅटिन क्वार्टरमध्ये आर्माँ तालिए आणि लोराँस मिर्गा या नट-नटीच्या जोडीने स्टुडिओ देझ उर्सुलिन उघडलं. तेही अजून चालू आहे आणि आता लहान मुलांच्या चित्रपटांवर त्याचा भर आहे. या दोन थिएटरांच्या पाठोपाठ झाँ-प्लासिद मोक्लेर या तरुणाने माँमार्त्रमध्ये स्टुडिओ २८ काढलं. उघडलं तेच प्रयोगाने. दिग्दर्शक आबेल गान्स तेव्हा ‘नेपोलियन’मध्ये शेजारी शेजारी तीन पडदे लावून एकच विशाल दृश्य दाखवण्याचा खटाटोप करून चुकला होता. त्याचे तीन पडद्यांवरचे लघुप्रयोग मोक्लेरने या छोट्याशा थिएटरात दाखवले.

मोक्लेरचं नाव चित्रपटाच्या इतिहासात आणखी एका कामासाठी राहायला हवं, आणि ते हवं तेवढं घेतलं जात नाही. जॉर्ज मेलिएस हा जादूगार. चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसवणारा, चित्रपटात पहिल्यांदा खरी किमया आणणारा. पुढे त्याचा धंदा बुडाला, स्टुडिओ गेला, आणि १९२३ मध्ये उद्वेगाने त्याने आपल्या निगेटिव्ह स्वतःच जाळून टाकल्या. म्हातारपणी तो आणि त्याची पत्नी माँपार्नास रेल्वे स्टेशनात खेळणी आणि गोळ्या-चॉकलेटांचं दुकान चालवत होते. जग त्याला विसरलं होतं. १९२९ मध्ये मोक्लेरच्या हाती अचानक मेलिएसच्या चित्रपटांच्या प्रती लागल्या. पॅरिसच्या द्युफायेल या मोठ्या दुकानात पूर्वी गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी चित्रपट दाखवत. तिथल्या रिळांचा हा साठा खेड्यातल्या एका वाड्याच्या आवारात पडून राहिला होता. मोक्लेरने ती रिळं सोडवली, दुरुस्त करून घेतली, रंगवलेल्या प्रतींचे रंग पुन्हा भरून घेतले. १६ डिसेंबर १९२९ ला सॅल प्लेएल या पॅरिसच्या मोठ्या सभागृहात मेलिएसच्या सन्मानार्थ खेळ झाला. स्वतः मेलिएस तिथे हजर होता. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘ह्यूगो’ चित्रपटाचा शेवट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या संध्याकाळचा अंदाज येईल.

हे वाचताना मराठी माणसाला दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचेही शेवटचे दिवस नाशिकला उपेक्षेतच गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे जे काही तुकडे आज आपण पाहू शकतो, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत पोचून मिळवले म्हणून. दोन शहरं, दोन काळ, पण कामाची जात एकच. थिएटर चालवणारा किंवा संग्रह सांभाळणारा माणूस नुसता पडद्यावर चित्र पाडत नाही, तो चित्रपट वाचवतोही. नायरांचं ऋण आपण अजून पुरतं मान्य केलेलं नाही असं मला वाटतं.

मोक्लेरच्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र लुई बुन्युएलच्या निमित्ताने घडली. बुन्युएल आणि साल्व्हादोर दाली या दोन स्पॅनिश तरुणांनी केलेला ‘अं शियाँ आंदालू’ हा जेमतेम वीस मिनिटांचा मूकपट जून १९२९ मध्ये उर्सुलिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. बुन्युएल पडद्यामागे ग्रामोफोनपाशी उभा होता, एकदा अर्जेंटिनाचे टँगो आणि एकदा वाग्नरचं संगीत असं आलटून पालटून लावत होता. खिशात दगड भरून ठेवले होते, प्रेक्षक अंगावर आले तर फेकायला. ते वापरायची वेळ आली नाही, उलट टाळ्या पडल्या. मग मोक्लेरने तो चित्रपट स्टुडिओ २८ ला घेतला आणि तिथे तो आठ महिने चालला. डोळ्यावरून वस्तरा फिरवण्याच्या दृश्याने सुरू होणारा, कथानकाचा धागा जाणूनबुजून तोडलेला चित्रपट एका छोट्या थिएटरात आठ महिने! बंदी घाला म्हणून लोक पोलिसांकडे जात होते आणि दुसरीकडे खुर्च्या भरत होत्या.

पुढचा चित्रपट ‘लाज दोर’, म्हणजे ‘सुवर्णयुग’. पैसे दिले होते व्हिकोंत शार्ल द नोआय आणि त्याची पत्नी मारी-लोर या धनिक कलारसिक दांपत्याने. फ्रान्समधल्या सुरुवातीच्या बोलपटांपैकी हा एक. धर्म, कुटुंब, सभ्य समाजाचा देखावा, सगळ्यावर त्यात हल्ला होता. नोव्हेंबर १९३० च्या अखेरीस तो स्टुडिओ २८ मध्ये लागला. थिएटरच्या दर्शनी दालनात दाली, माक्स अर्न्स्ट, मान रे, ताँगी यांची चित्रं मांडली होती. ३ डिसेंबरच्या खेळाला उजव्या, ज्यूद्वेष्ट्या संघटनांचे तरुण प्रेक्षक म्हणून येऊन बसले. खेळ रंगात आल्यावर त्यांनी पडद्यावर शाई फेकली, धुराचे गोळे सोडले, प्रेक्षकांना मारहाण केली आणि बाहेर येऊन दालनातली चित्रं फाडली. त्यानंतर काही वर्तमानपत्रांनी दंगलखोरांऐवजी चित्रपटाविरुद्धच मोहीम उघडली. आठवड्याभरात पॅरिसचे पोलीस प्रमुख झाँ शियाप यांनी चित्रपटावर बंदी घातली आणि प्रती जप्त केल्या. चित्रपट पुढे फिल्म सोसायट्यांमधून आणि संग्रहालयांमधून दाखवला जात राहिला, पण पॅरिसच्या थिएटरांत तो उघडपणे लागायला १९८१ साल उजाडलं. तोवर दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या.

चित्रपटावरून थिएटर फोडण्याचे प्रकार आपल्याला अपरिचित नाहीत. फरक पाहायचा तो नंतर काय झालं याचा. मोक्लेरला तो आघात झेपला नाही आणि काही काळातच थिएटर त्याच्या हातून गेलं. पुढच्या मालकाने सुरक्षित वाट धरली, अमेरिकन विनोदी चित्रपट दाखवायला सुरुवात केली. थिएटर तगलं, पण धाडस गेलं. ते परत आलं १९४८ मध्ये, रुलो बंधूंनी ही जागा घेतल्यावर. कॉक्तो आणि गान्स या दोघांनी या नव्या पर्वाचं पालकत्व पत्करलं. तेव्हापासून आजवर थिएटर रुलो घराण्याकडेच आहे.

एक कुटुंब, एक पडदा, पॅरिसमधली महागडी जागा. केवळ ध्येयवादावर हे चालत नाही. चालतं कसं, तर त्याखाली एक व्यवस्था आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के विशेष कर लागतो. तुम्ही दहा युरोचं तिकीट काढलंत की त्यातला एक युरो आणि वर काही सेंट या करापोटी बाजूला होतात. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जात नाही. तो जातो राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे. ही संस्था १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर लगेच स्थापन झाली. तिकीट हॉलिवूडच्या महाचित्रपटाचं असो की एखाद्या नवख्या फ्रेंच दिग्दर्शकाचं, कर सारखाच. टीव्ही वाहिन्या आणि अलीकडे ऑनलाइन मंचांकडूनही असा वाटा घेतला जातो. जमलेला पैसा पुन्हा चित्रपटातच फिरतो: निर्मितीला, वितरणाला, आणि थिएटरांनाही. शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. थिएटरने जेवढा कर भरला त्या प्रमाणात त्याच्या नावावर रक्कम जमा होते आणि ती खुर्च्या, ध्वनियंत्रणा, प्रोजेक्टर, डागडुजी अशा कामांसाठीच काढता येते. मालकाला ती खिशात घालता येत नाही.

याखेरीज ‘आर्ट ए एसे’ नावाचा दर्जा आहे. कलात्मक आणि प्रयोगशील चित्रपट दाखवणाऱ्या थिएटरांनी १९५५ मध्ये आपली संघटना बांधली, पुढे सरकारने त्याला अधिकृत मान्यता दिली. वर्षभरात तुम्ही शिफारस झालेल्या चित्रपटांचे किती खेळ केले, जुने अभिजात चित्रपट दाखवता का, शाळेतल्या मुलांसाठी काही करता का, प्रेक्षकांशी चर्चा घडवता का, असं सगळं तपासून दर्जा आणि अनुदान ठरतं. फ्रान्समधल्या सुमारे दोन हजार चित्रपटगृहांपैकी निम्म्याहून अधिक या यादीत आहेत, त्यात खेड्यापाड्यांतली एकपडदा थिएटरंही आली. स्टुडिओ २८ त्यांतलंच एक. पॅरिस महापालिकाही स्वतंत्र थिएटरांना मदत करते. वितरकाने थिएटरकडून जास्तीत जास्त किती वाटा घ्यावा यालाही कायद्याची मर्यादा आहे. आणि थिएटरात लागलेला चित्रपट घरी कधी पोचावा याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. २०२२ च्या करारात नेटफ्लिक्सने पंधरा महिने थांबावं असं ठरलं. आपल्याकडे चार ते आठ आठवड्यांत चित्रपट मोबाइलवर येतो, त्याशेजारी हे ठेवून पाहावं.

याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पॅरिसमध्ये सत्तरच्या वर चित्रपटगृहं आहेत आणि चारशेच्या आसपास पडदे. लॅटिन क्वार्टरमध्ये शांपोलियों या इवल्याशा गल्लीत एकाला लागून एक तीन थिएटरं आहेत. त्यातलं कोपऱ्यावरचं ‘ल शांपो’ १९३८ चं. जागा इतकी अडचणीची की प्रोजेक्टरचा झोत आरशांच्या मदतीने वळवून पडद्यावर टाकावा लागला. फ्राँस्वा त्रुफो तरुणपणी तिथे पडीक असायचा. पुढे जो दिग्दर्शक झाला, त्याची शाळा ही अशी होती.

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. जागांच्या किमती पॅरिसमध्येही थिएटरांच्या जिवावर उठतात. ‘ला क्ले’ हे लॅटिन क्वार्टरजवळचं थिएटर १९७३ पासून चालू होतं. जागेच्या मालकाने विकायचं ठरवल्यावर २०१८ मध्ये ते बंद झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये चित्रपटवेड्या तरुणांनी कुलूप उघडून आत ठाण मांडलं आणि खेळ सुरू केले. तिकीट ऐच्छिक, ज्याला जे परवडेल ते द्यावं. कुणी प्रोजेक्टर चालवी, कुणी जिना झाडी, कुणी चर्चा घडवून आणी. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. पण मंडळी पांगली नाहीत. त्यांनी निधी उभारायला घेतला, जगभरचे दिग्दर्शक पाठीशी उभे राहिले, स्कॉर्सेसीही त्यांत होता. २०२४ मध्ये त्यांनी २७ लाख युरो देऊन ती इमारत विकतच घेतली, आणि ती पुन्हा बाजारात येऊ नये अशी कायदेशीर तजवीज केली. इथे सरकारी व्यवस्था कमी पडली आणि प्रेक्षकांनी भरून काढलं. दोन्ही लागतं, हे मला ला क्लेची गोष्ट वाचून कळलं.

आता आपल्याकडे वळतो, आणि वळायला कारण आहे. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्राँ कॅफेत तिकीट लावून पहिला खेळ केला. स्टुडिओ २८ पासून ती जागा चालत जाण्याजोगी आहे. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ ला, त्यांचीच चित्रं मुंबईत काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. म्हणजे सुरुवात आपण जवळजवळ बरोबरीनेच केली. फिल्म सोसायटीची परंपराही आपल्याकडे आहे. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या थिएटरात जगाचा सिनेमा पाहून कितीतरी मराठी लेखक-दिग्दर्शक घडले. प्रेक्षक होता, आहे. त्याला रोज संध्याकाळी जाता येईल असा स्वतःचा पडदा आपण उभा केला नाही.

तिकिटावर कर आपणही भरतो. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे फ्रान्समधल्या त्या विशेष करापेक्षा जास्त. आपला हा कर मात्र सर्वसाधारण महसुलात मिसळतो. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं ते निर्मितीसाठी. चित्रपट तयार होतो आणि मग त्याला खेळ मिळत नाहीत म्हणून निर्माता वणवण फिरतो, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. लालबागच्या भारतमाता टॉकीजने गिरणगावातल्या कामगारांना वर्षानुवर्षं परवडणाऱ्या दरात मराठी चित्रपट दाखवले. गिरण्या गेल्या, गिरणीच्या जमिनीवरचं ते थिएटरही जाण्याची भीती वारंवार निर्माण झाली, लोकांनी ते लढून टिकवलं. असं थिएटर टिकवणं ही केवळ त्याच्या चालकांची आणि रहिवाशांची जबाबदारी का असावी? मराठी चित्रपटाचं धोरण आखणाऱ्यांनी पडदा हाही सांस्कृतिक खर्चाचा विषय मानायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्रान्सच्या त्या कराचा पैसा, गंमत म्हणजे, रत्नागिरीपर्यंत येऊन पोचला आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट त्या मुख्य स्पर्धेत पोचला होता. या चित्रपटाचा मुख्य निर्माता फ्रेंच, आणि त्याला फ्रान्सच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राची, जगभरच्या चित्रपटांसाठी असलेल्या योजनेतून मदत मिळाली होती. मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्यांच्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती यांची ही गोष्ट. छाया कदम यांनी रंगवलेली पार्वती मराठी बोलते. तिच्या घरावर बिल्डरची नजर आहे, हाती कागदपत्रं नाहीत, शेवटी ती कोकणातल्या आपल्या गावी परतते. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या थिएटरांत हा चित्रपट लागला, आणि फ्रेंच उपशीर्षकांसह तिथल्या प्रेक्षकांनी पार्वतीचं मराठी ऐकलं. तोलोझे गल्लीत तिकीट काढणाऱ्या माणसाचे काही सेंट पार्वतीच्या वाटेला आले, असं म्हणायला हरकत नाही.

तिथे जायचं मनात असेल तर काही गोष्टी ठाऊक असाव्यात. फलकावर ‘व्हीओ’ लिहिलं असेल तर चित्रपट मूळ भाषेत असतो आणि खाली उपशीर्षकं फ्रेंच असतात. ‘व्हीएफ’ म्हणजे फ्रेंचमध्ये डब केलेला. फ्रेंच येत नसेल तर व्हीओमधला इंग्रजी चित्रपट निवडावा, किंवा मूकपट मिळाला तर उत्तमच. छापील वेळ जाहिरातींची असते, चित्रपट त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होतो, पण थिएटर लहान असल्यामुळे चांगली जागा हवी तर वेळेआधीच पोचावं. चौदा वर्षांखालच्या मुलांना पॅरिसच्या बहुतेक थिएटरांत तिकीट बरंच स्वस्त पडतं. स्टुडिओ २८ मध्ये एकाच पडद्यावर दिवसभरात वेगवेगळे चित्रपट लागतात आणि प्रदर्शनाआधीचे विशेष खेळही होतात, त्यामुळे दुपारी एक आणि रात्री वेगळाच चित्रपट दिसू शकतो. फ्रान्समध्ये नवे चित्रपट शुक्रवारी नाही, बुधवारी लागतात. मंगळवारी पाहून ठेवलेलं वेळापत्रक दुसऱ्या दिवशी सगळं बदललेलं असतं, तेव्हा टेकडी चढण्याआधी ते पुन्हा एकदा तपासून घ्या.